खिशातली चावी

आमच्या बाबांच्या उजव्या हाताला एक खोड आहे. गाडी जागेवर लागली, गिअर काढला, हँडब्रेक ओढला, की तो हात आपसूक स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला खाली जातो, अंगठा आणि तर्जनी जवळ येतात आणि हवेतल्या हवेत उलटी अर्धी गिरकी घेतात. तिथे आता काही नाही. चावीचे भोक असायचे त्या जागी गुळगुळीत काळे प्लास्टिक आहे. गाडी बंद करायचे बटण आहे ते वर, डॅशबोर्डावर. मग बाबा, कुणी पाहिले तर नाही ना अशा बेताने, हात वर नेतात आणि बटण दाबतात. गाडी येऊन सात वर्षे झाली, पण हाताला अजून ते पटलेले नाही.

बाबा ड्रायव्हर आहेत. स्वतःच्या गाडीचे नव्हेत, शेठच्या. शेठचा वालीवला प्लास्टिकच्या डब्यांचा छोटा कारखाना आहे आणि घर वसई रोडला, अंबाडी रोडवर. सकाळी नऊला घरून कारखान्यात आणि रात्री आठला कारखान्यातून घरी, असा बाबांचा गेल्या कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. मध्ये कधी भिवंडी, कधी वापी. परंतु बाबांची खरी शाळा झाली ती त्याआधी, मॅटाडोरवर. निर्मळ-भुईगावकडची भाजी आणि फुले रात्रीतून दादरला पोचवणाऱ्या एका मॅटाडोरवर ते १९८९ साली क्लीनर म्हणून लागले. क्लीनर म्हणजे काच पुसणारा, पाटे धुणारा, गाडी मागे घेताना 'येऊ दे, येऊ दे' करीत फळीवर थापा मारणारा माणूस. दोन वर्षे त्यांनी हेच केले. ड्रायव्हरला सगळे 'मास्तर' म्हणत. मास्तर गाडी सोडून चहाला गेले तरी चावी काढून खिशात घालून जात.

लायसन निघाल्यावरही सहा महिने मास्तरांनी बाबांना स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. मग एका रात्री परतताना घोडबंदरच्या अलीकडे मास्तरांना सडकून ताप भरला. गाडी कडेला घेतली, चावी फिरवून काढली आणि बाबांच्या तळहातावर ठेवली. "सावकाश ने," एवढेच म्हणाले आणि पलीकडच्या सीटवर अंग टाकले. बाबा ही गोष्ट सांगतात तेव्हा गाडी कशी चालवली, खाडीचा पूल कसा ओलांडला, यांतले काहीच सांगत नाहीत. चावी गरम होती, एवढे मात्र दर वेळी सांगतात. मास्तरांच्या तापाने गरम की इंजिनाच्या, कुणास ठाऊक.

शेठकडेही आरंभीची बारा वर्षे चावीचीच गाडी होती. शेठच्या दाराआड एक खिळा होता. रात्री गाडी लावली की बाबा एक जिना चढून जात, चावी खिळ्याला अडकवीत, "येतो शेठ" म्हणत आणि निघत. सकाळी तीच चावी खिळ्यावरून काढून दिवस सुरू होई. दिवसभर ती बाबांच्या खिशात. त्या चावीला बाबांनी स्वतःच्या पैशांनी जीवदानीच्या गडावरून आणलेले देवीचे किचेन लावले होते. गाडी शेठची, चावीवरची देवी आमची, अशी ती भागीदारी होती म्हणा ना!

जुलै २०१८ च्या पावसाने ती मोडली. त्या पावसात नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, वसईत ठिकठिकाणी तळमजल्यांत पाणी शिरले. शेठची गाडी सोसायटीच्या आवारातच काचेपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर बाबांनी दार उघडले तेव्हा चिखलाबरोबर एक खेकडा बाहेर आला. गाडी भंगारात गेली, तिच्याबरोबर चावी गेली, आणि किचेन तेवढे आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला आले. ते अजून तिथेच आहे.

दसऱ्याला नवी गाडी आली. शोरूममधल्या मुलाने शेठच्या हातात लहानशा दोन काळ्या डब्या ठेवल्या. ही म्हणे चावी. खिशातून काढायची गरज नाही. खिशात असली की पुरे. दाराच्या कडीवरचे बटण दाबा, दार उघडेल. क्लच दाबून हे बटण दाबा, गाडी सुरू होईल. शेठ हरखून गेले. नवी डबी करून घ्यायची तर किती पडतील, हेही त्या मुलाने सांगितले. तो आकडा बाबांच्या अर्ध्या पगाराएवढा होता. शेठने एक डबी खिशात घातली आणि दुसरी घरी जाऊन कपाटात.

त्या दिवसापासून खिळा रिकामा झाला.

यात शेठचा काही वाईट हेतू होता, असे मला मुळीच म्हणायचे नाही. चावी फिरवायला लागत होती, म्हणून ती गाडी चालवणाऱ्याच्या हातात द्यावी लागत होती. आता फिरवायचेच काही उरले नाही, तर द्यायची कशाला? शेठ गाडीत बसतात, डबी त्यांच्या खिशात असते, गाडी ती ओळखते, बाबा बटण दाबतात. एवढे पुरते. सकाळी गाडी धुवायची असली तर बाबा खालून हाक मारतात. शेठ पहिल्या मजल्याच्या गॅलरीत येऊन डबीवरचे बटण दाबतात, खाली गाडीचे चारही पिवळे दिवे लुकलुकतात, टुक् टुक् असा आवाज होतो आणि दार उघडते. बाबा सीटखालचे फडके काढतात आणि गाडी पुसतात. एप्रिलमध्ये उन्हात गाडी तापली असेल तर शेठ येईपर्यंत एसी लावता येत नाही. पूर्वी बाबा पाच मिनिटे आधी गाडी सुरू करून ती थंड करून ठेवत. आता शेठ तापल्या गाडीत बसतात आणि म्हणतात, "भाऊ, गरम लई आहे." बाबा म्हणतात, "होय शेठ."

यातले बटण तसे नवीन नव्हे, ही गंमतच आहे. बाबा म्हणतात, चावी काय, जुन्या विलीज जीपला सेल्फची कळ पायाखाली असायची. अगदी सुरुवातीला तर मोटारीच्या तोंडात लोखंडी दांडा घालून हाताने फिरवावा लागे आणि तो उलटा फिरला तर मनगट मोडे. १९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने विजेवर चालणारा सेल्फ कॅडिलॅक मोटारीला बसवला, तेव्हा तो कटकटीचा दांडा गेला. त्यानंतरही कित्येक वर्षे चावीने फक्त विजेची वाट मोकळी व्हायची, आणि इंजिन उठवायला निराळी कळ दाबावी लागायची. एकच चावी फिरवून दोन्ही कामे व्हावीत ही सोय क्रायस्लरने १९४९ मध्ये आणली. म्हणजे बाबांच्या बोटांत मुरलेली ती अर्धी गिरकी काही अनादि कालापासून चालत आलेली नाही. पन्नास-साठ वर्षांची तिची कारकीर्द. १९९८ च्या सुमारास मर्सिडीजच्या थोरल्या गाड्यांत खिशातल्या चावीची ही युक्ती आली, आणि श्रीमंतांच्या घरून निघालेली प्रत्येक गोष्ट जशी हळूहळू खालच्या आळीत येते, तशी ती गेल्या दहा-पंधरा वर्षांत आमच्या एम.एच. ४८ च्या नंबरांतही येऊन पोचली.

आणि 'चावी' हा शब्द तरी आपला कुठे? भाषाविज्ञानाच्या तासाला सरांनी सांगितले होते, की चावी पोर्तुगिजांची, पगार पोर्तुगिजांचा, साबण आणि पावही त्यांचेच. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्या हाती गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती परत घेतली. त्या दोनशे वर्षांत आलेली माणसे गेली, चर्चच्या घंटा देवळांत गेल्या, आणि शब्द मात्र तोंडातच राहिले. त्या तासाला मी वहीच्या समासात लिहिले होते: चावी, पगार, साबण. बाबांची सकाळ नऊपर्यंतची.

आता मूळ गोष्टीकडे वळते.

गेल्या फेब्रुवारीतला तो मंगळवार. शेठना मुंबईला कोर्टात तारीख होती. एरवी मुंबईला जायचे असले की शेठ रिक्षाने स्टेशनावर जात आणि गाडी घरीच राही. त्या दिवशी उशीर झाला म्हणून म्हणाले, "भाऊ, स्टेशनवर सोड, मग गॅस भरून गाडी कारखान्यात लाव. दुपारी सँपल पोचवायचे आहेत." (गाडीला मागाहून सीएनजीची टाकी बसवून घेतलेली आहे. शेठ हिशेबी माणूस.) वसई रोडच्या पश्चिमेला स्टेशनासमोर गाडी थांबली, चर्चगेट फास्टची घोषणा चालू होती, शेठ दार आपटून धावले. गाडीने पीं पीं केले. बाबांना वाटले, दार नीट लागले नाही. पाहिले, तर लागले होते. ही गाडी पट्ट्यासाठी पिपाणी वाजवते, दारासाठी वाजवते, मागे भिंत आली की वाजवते. घरातल्या कुरकुऱ्या आत्याबाईंकडे जसे कुणी लक्ष देत नाही, तसे बाबा तिच्याकडे देत नाहीत. समोरच्या काचेत इंग्रजीत एक ओळ उमटली होती. मागे रिक्षावाले ओरडत होते. बाबांना देवनागरी वाचता येते, इंग्रजीतले आकडे आणि गावांची नावे वाचता येतात. ती ओळ तशीच राहिली.

इथे या यंत्राचा स्वभाव सांगायला हवा. गाडी सुरू करताना ती डबीला हाक मारते. डबीने ओ दिली तर इंजिन उठते. परंतु एकदा ते उठले, की डबी निघून गेली तरी गाडी बंद पडत नाही. चालत्या गाडीत डबीचा सेल संपला म्हणून इंजिन भर हायवेवर थांबले तर माणसे मरतील, म्हणून ते तसे केलेले आहे. ती नुसती कुरकुरते. गाडी चालत राहते, मैलोन्‌मैल, आणि तिची चावी लोकलच्या पहिल्या वर्गात भाईंदर ओलांडीत असते.

पूर्वेला हायवेच्या वाटेवरच्या सीएनजी पंपावर रांग होती. असतेच. रिक्षा, टेंपो, टॅक्सी, पाऊण तास. रांग पुढे सरकत होती म्हणून बाबांनी गाडी चालूच ठेवली होती. नंबर आला. नियमाप्रमाणे इंजिन बंद, सगळे खाली. गॅस भरला, पैसे चुकते केले, बाबा आत बसले, क्लच दाबला, बटण दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. काचेत तीच ओळ, आता जरा ठळक. तिसऱ्यांदा दाबताना मागून पहिला हॉर्न आला, आणि मग एका पाठोपाठ एक.

ढकलायचे म्हटले तरी पंचाईत. बंद गाडीतून ड्रायव्हर उतरला की या गाडीचे स्टिअरिंग आपले आपण कुलूपबंद होते. चार रिक्षावाल्यांनी मिळून ती सरळ रेषेत दहा-बारा फूट पुढे नेली, तिथे वळण आले आणि ती वळेना. पंपाच्या बाहेर पडायच्या वाटेवर आडवी नव्हे पण अडचण होईल अशी ती उभी राहिली. "काका, चावी कुठाय?" प्रत्येक जण विचारी. छत्तीस वर्षे गाड्यांवर काढलेल्या माणसाला, भर पंपावर, वीस-वीस वर्षांची पोरे.

बाबांनी शेठना फोन लावला. शेठ अंधेरीच्या पुढे गेले होते. त्यांनी खिसा चाचपला असावा, कारण क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "अरे पण चावी माझ्याकडे आहे, तर गाडी तिथपर्यंत पोचली कशी?"

बाबांकडे या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते.

मग फोन मला आला. तास चालू होता. मी मागच्या बाकावर होते म्हणून निभावले. बाहेर येऊन फोन घेतला तर बाबांचा आवाज इतका हळू, की मला वाटले अपघात झाला. "शेठच्या घरी जा," म्हणाले, "कपाटातली दुसरी डबी घे आणि पंपावर ये. भाभींना शेठ सांगतायत."

भाभींना शेठनी सांगितलेही होते. पण कपाट होते बांच्या खोलीत, आणि कपाटाची किल्ली होती बांच्या कमरेला. बा म्हणजे शेठच्या आई. ऐंशीच्या पुढे वय, पांढरे पातळ, आणि कमरेला चांदीच्या छल्ल्यात अडकवलेल्या सात-आठ किल्ल्या. बा झोपल्या होत्या. भाभी दारात उभ्या राहून माझ्याकडे पाहत, मी भाभींकडे. लग्नाला बावीस वर्षे झालेली ती बाई सासूला उठवायला कचरत होती, आणि तिकडे माझे बाबा हॉर्न खात उभे होते. शेवटी मीच जरा मोठ्याने खोकले. माझ्या मागच्या बाकावरच्या सरावाचा आयुष्यात झालेला हा पहिलाच उपयोग.

बा उठल्या. सगळे ऐकले. समजले नसावे. मुलाला फोन लावायला लावला, स्वतःच्या कानांनी ऐकले, मगच उठल्या. छल्ल्यातून बरोबर चौथी किल्ली न पाहता बोटांनी काढली, कपाट उघडले, आतला खण दुसऱ्या किल्लीने उघडला, आणि दागिन्यांच्या डब्याशेजारी रुमालात गुंडाळलेली ती काळी डबी बाहेर आली. चावी नसलेल्या गाडीची चावी मिळवायला दोन चाव्या लागल्या! बांनी ती माझ्या हातात दिली नाही, भाभींच्या दिली. भाभींनी माझ्या. मग बा म्हणाल्या, "ड्रायव्हरची मुलगी ना तू? कितवीला?" मी म्हटले, "एस.वाय. बी.ए." बांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "मुठीत धर, पर्समध्ये नको."

मी अंबाडी रोडपासून पंपापर्यंत रिक्षात मूठ वळून बसले होते. पुलावर गर्दी होती, तळहाताला घाम सुटला होता, पण मूठ सोडली नाही.

पंपावर पोचले तर बाबा बॉनेटला टेकून उभे. रुमाल हातात. माझ्याकडून डबी घेतली, आत बसले, क्लच, बटण. काही नाही. काचेत तीच ओळ. मी ती वाचून दाखवली: की नॉट डिटेक्टेड. बाबा म्हणाले, "म्हणजे?" मी म्हटले, "चावी सापडत नाही म्हणतेय." "हातात तर आहे," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा मला त्या वेळी बघवला नाही.

सात वर्षे दागिन्यांशेजारी झोपलेल्या डबीतला सेल झोपेतच संपला होता.

सोडवणूक केली ती गॅस भरणाऱ्या मुलाने. तो लांबून नळी हातात धरूनच ओरडला, "काका, डबी बटणाला चिकटवा, चिकटवून दाबा!" बाबांनी डबी बटणावर टेकवली, तिच्यानेच बटण दाबले, आणि इंजिन उठले. मागे कुणीतरी शिटी मारली. तो मुलगा म्हणाला, "आठवड्याला एखादी गाडी येतेच अशी. साहेब स्टेशनवर, ड्रायव्हर हितं."

रात्री जेवताना बाबा फारसे बोलले नाहीत. मध्येच एकदा म्हणाले, "गाडी तिथपर्यंत पोचली कशी, असं विचारलं मला." आईने वाढता वाढता हात थांबवला. "चोरी केली असं नाही म्हणाले," बाबा म्हणाले, "पण विचारलं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बारा वर्षं चावी माझ्या खिशात होती. तेव्हा गाडी कुठं कशी पोचली, कधी नाही विचारलं."

त्यानंतर मला या डबीचा नादच लागला. विज्ञान शाखेच्या एका सरांना गाठले. त्यांनी फळ्यावर काढून दाखवले. गाडी अगदी मंद लहरींवर हाक मारते, सव्वाशे किलोहर्ट्झच्या आसपास. ती हाक मीटर-दीड मीटरच्या पलीकडे ऐकू येत नाही, म्हणून चावी जवळ असल्याशिवाय गाडी उठत नाही. डबी उत्तर देते ते दुसऱ्या, उंच पट्टीत, बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर. उत्तर द्यायला ताकद लागते, त्यासाठी आत रुपयाएवढा तीन व्होल्टचा सेल. आणि सेल संपला तर? डबीच्या पोटात आणखी एक बारीकशी चकती असते, तिला सेल लागतच नाही. बटणाभोवतालच्या तारेच्या वेटोळ्यातून मिळणाऱ्या विजेवर ती क्षणभर जागी होते आणि आपली ओळख सांगते. पण त्यासाठी अगदी गालाला गाल लावावा लागतो. पंपावरच्या मुलाला यातले वेटोळे ठाऊक नव्हते, युक्ती ठाऊक होती.

सर म्हणाले, या हाकेतच एक खोट आहे. गाडी जवळ-लांब ओळखते ते हाक ऐकू गेली की नाही यावरून. दोन चोरांनी दोन यंत्रे घेतली, एक गाडीपाशी आणि एक तुमच्या घराच्या दारापाशी, आणि गाडीची हाक उचलून आत झोपलेल्या डबीपर्यंत नेली, तर डबी बिचारी इमानाने ओ देते आणि गाडी चोराला दार उघडते. झुरिचच्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हे करून पाहिले, आणि दहाही उघडल्या. आता काही नव्या डब्या स्वस्थ पडून राहिल्या की झोपी जातात, काही लहरीला यायला-जायला किती वेळ लागला ते मोजतात. जुन्यांसाठी उपाय एकच, पत्र्याचा डबा. धातूच्या बंद डब्यात हाक पोचत नाही. मी हे शेठच्याच गाडीवर करून पाहिले. आईच्या फराळाच्या डब्यात डबी ठेवून झाकण लावले आणि दाराची कडी दाबली. गाडी ढिम्म. झाकण काढले, उघडली. बाबा पहिल्यांदा हसले.

अमेरिकेतली हकिकत याहून गंभीर आहे. तिथे घराला लागून गॅरेज असते. चावी काढायची नसल्यामुळे गाडी बंद करायचे लक्षात राहात नाही, हल्लीच्या इंजिनांना आवाज नसतो, आणि रात्रभर धूर घरात शिरतो. न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा २००६ पासून अशी दोन डझनांहून अधिक माणसे गेली होती, बहुतेक म्हातारी. चावी काढून खिशात टाकणे म्हणजे गाडी बंद झाल्याची पावती होती. हाताला ती मिळाली की मन निर्धास्त व्हायचे. मी हे सांगितले तेव्हा बाबांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले.

दोन दिवसांनी आणखी एक शोध लागला. सेल बदलायला डबी घरी आणली होती. मागची लहानशी खिटी सरकवली आणि आतून एक पाते बाहेर आले. निकेलचे, चकचकीत, दाते पाडलेले. सेल संपला तर दार उघडायला म्हणून ठेवलेली खरीखुरी चावी. सात वर्षे आत होती. बाबांनी ती चिमटीत धरली, उलटसुलट केली. "आहे की मग!" म्हणाले. आणि त्यांच्या बोटांनी ती हवेत फिरवली, सवयीची अर्धी गिरकी.

शेठ वाईट नाहीत, हे मी आधीच म्हटले. त्या शनिवारी त्यांनी सेल बदललेली दुसरी डबी बाबांपुढे धरली. "भाऊ, ही तुझ्याकडेच ठेव. पुन्हा लफडा नको." मी तिथे होते, बाबांना डबा द्यायला गेले होते. मला वाटले, बाबा घेतील. बाबांनी हात मागेच ठेवले. "नको शेठ," म्हणाले, "हरवली तर अर्धा पगार. घरी रात्री झोप लागायची नाही." शेठ म्हणाले, "मग?" बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम्ही उतरताना तुमची माझ्या हातात द्या. बसलात की परत घ्या. पहिल्यासारखं."

आता तसे चालले आहे. दुसरी डबी पुन्हा बांच्या कपाटात गेली, या वेळी माझ्या सांगण्यावरून वर्षाला सेल बदलायची चिठ्ठी लावून. कारखान्याच्या दारात किंवा स्टेशनासमोर शेठ उतरतात, वाकून खिडकीतून हात आत घालतात आणि डबी बाबांच्या तळहातावर ठेवतात. रात्री बाबा जिना चढतात. खिळा तसाच होता, पण डबीला अडकवायला कडी नव्हती. ती बाबांनी बाजारातून आणून लावली. शेठ अजून आठवड्यातून दोनदा तरी विसरतात. परवा मी लोकल पकडायला जात होते, तर स्टेशनच्या जिन्याखाली ओळखीचा आवाज आला. गाडी रस्त्यात उभी, मागे रिक्षांचा कल्लोळ, आणि बाबा अर्धे अंग खिडकीबाहेर काढून पुलावर चढणाऱ्या गर्दीकडे पाहत ओरडत होते, "शेठ! ओ शेठ! चावी!"